पट्टीच्या वर दोन बोटं

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. उद्या काही वाकडं झालं तर कुणी म्हणायला नको की रहीम तांबोळीने आधी सांगितलं नव्हतं. वही गेल्या वर्षीची आहे, एका टायर कंपनीने दिलेली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहितोय. सकाळी माझ्या सायकलच्या दुकानाची फरशी पुसली की ती वाळेपर्यंत मी वीस मिनिटं पायरीवर बसतो. तेवढाच माझा निवांत वेळ.

काल यज्ञेश्वर सबनीस आले होते. कोथरूडचे. मोठ्या कंपनीत मोठे साहेब आहेत आणि रविवारी सकाळी पंधरा-वीस जणांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जातात, पोहे खातात, फोटो काढतात आणि परत येतात. याला क्लब म्हणतात. गाडीतून त्यांनी एक कार्बनची फ्रेम काढली, गोधडीत गुंडाळलेली. बाळंतिणीला इतकं जपून कुणी आणत नाही.

आता इथे नीट लिहितो, कारण भांडण यावरूनच आहे. साध्या सायकलीला सीटखाली जी नळी असते तिच्यात सीटची दांडी सरकते, तिला सीटपोस्ट म्हणतात. बोल्ट सैल करा, वर घ्या, खाली घ्या, आवळा. शेंबडं पोर हे करू शकतं. या फ्रेमला सीटपोस्टच नाही. फ्रेमचीच नळी वाढवून थेट सीटपर्यंत नेलेली. ती सीटमास्ट. कारखान्यातून ती मुद्दाम लांब येते आणि मग ज्याची सायकल त्याच्या मापाने करवतीने कापायची. एकदा कापली की कापली. म्हणजे नवी सायकल घरी आणायची आणि पहिलं काम काय, तर तिची मान कापायची.

मी विचारलं, "साहेब, याने होतं काय?"

"चाचा, वेट कमी होतं. स्टिफनेस वाढतो, पण राइड एकदम कम्फर्टेबल राहते."

कडक पण आहे आणि मऊ पण आहे. असं फक्त लग्नाच्या स्थळाच्या माहितीत लिहिलेलं असतं. वजन किती कमी, तर एका केळ्याएवढं. आणि ज्या कंपन्यांनी हे काढलं त्यातल्या कितीतरी नंतर गुपचूप सीटपोस्टवर परत गेल्या, हेही साहेबांनीच सांगितलं. मग घेतली कशाला? ऑनलाइन स्वस्त मिळाली म्हणून. साहेब सहा फुटी, फ्रेम लहान आली. कापायची हिंमतही झाली नाही. दोन वर्षं हॉलच्या भिंतीवर टांगून ठेवली.

आता ती त्यांना अलिझाला द्यायची आहे. अलिझा म्हणजे माझी मुलगी, वय वीस, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. ३० तारखेला सायकल शर्यतीच्या राज्य संघाची निवड चाचणी आहे, चार मुली घेणार. गेल्या वर्षी ती सातवी आली, त्याआधी अकरावी. पुढच्या वर्षी नोकरी लागली की रोजचे तीन तास सरावाला कुठून आणणार? म्हणजे हीच खेप.

माझं म्हणणं, तिच्यासाठी मी स्वतःच्या हाताने सायकल बनवली आहे. पोलादाची. तिच्यावर ती सातवी आली. तिच्यावरच चौथी येईल. अलिझा फ्रेमवरून हात फिरवत होती. मी पाहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अलिझाची सायकल साफ करायला घेतली. सीट पुन्हा माझ्या खुणेच्या वर. सीटपोस्टवर मी लाल पट्टी चिकटवून ठेवली आहे, तिथपर्यंत दांडी आत असली की माप बरोबर. चार वर्षांपूर्वी लावलेली पट्टी. आणि दर वेळी बघावं तर सीट पट्टीच्या वर दोन बोटं. सीट खाली घसरते हे मला माहीत आहे, वर चढणारी ही जगातली एकच.

सायकल रात्री आमच्या धायरीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. येणारी-जाणारी पोरं हात लावतात. शिकलेल्यांची सोसायटी म्हणे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये एवढं सोडून सगळं शिकलेत. बायकोला, नसीमबानूला, म्हटलं, "कुणी तरी रोज सीट वर करतंय."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हो. भुतं करतात."

पुन्हा पट्टीवर आणून घट्ट आवळली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हरलो. म्हणजे हरलो नाही, दिली परवानगी. नसीम म्हणाली, "तुमची सायकल तुमच्या मुलीपेक्षा मोठी झाली का?" यावर काय बोलणार. पण अट घातली. कापणार मी, माझ्या दुकानात, माझ्या करवतीने.

सबनीसांचं म्हणणं होतं बाणेरला न्यावं. तिथे फिटिंगचा स्टुडिओ आहे. अंगाला ठिपके चिकटवतात, कॅमेरा लावतात आणि तुमचा पाय किती लांब आहे ते कॉम्प्युटर सांगतो. ज्या पोरीला मी तीन चाकीवर बसवलं तिचा पाय मला बाणेरचा कॉम्प्युटर सांगणार. मी म्हटलं, "साहेब, पंचेचाळीस वर्षांत एक गिऱ्हाईक सीटचं माप चुकलं म्हणून परत आलेलं नाही. एक."

"नाही चाचा, तुमच्याबद्दल डाउट नाहीच," असं म्हणाले आणि एक छापील कागदांची चळत ठेवून गेले. कंपनीच्या सूचना. त्यात लिहिलंय की आधी मापापेक्षा दोन सेंटिमीटर लांब कापा, आठवडाभर चालवा आणि मग उरलेलं कापा. एका कामाला दोनदा करवत लावणारा कारागीर माझ्या वडिलांनी दुकानात उभा केला नसता. कागद चांगल्या जाडीचे आहेत, चेन पुसायला होतील.

९ नोव्हेंबर, रविवार

माप घेतलं.

आमची पद्धत साधी आहे. सायकल स्टँडवर, माणूस सीटवर, टाच पेडलवर, पेडल तळाला. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर झुकता कामा नये. वडिलांनी असंच शिकवलं. कोल्हापूरपर्यंत सायकलने जाणाऱ्यांची मापं त्यांनी अशीच घेतली.

सबनीसांनी दिलेले सुटे भाग फ्रेमवर चढवले तेव्हा सीटमास्टची सायकल स्टँडलाही लागत नाही हे कळलं. आम्ही पकडतो ती सीटपोस्टला. इथे पकडलं तर कार्बन चिरडतो. शेवटी पंख्याच्या हुकाला दोर बांधून टांगली. एवढे लाड घरातल्या नवऱ्याचे होत नाहीत.

अलिझा पायरीवर उभी होती, शर्यतीचे बूट हातात. त्या बुटांच्या तळव्याला प्लास्टिकचा तुकडा असतो, क्लीट म्हणतात, तो पेडलमध्ये अडकतो. म्हणाली, "अब्बा, शूज घालून माप घेऊ या का? क्लीटची उंची धरायला पाहिजे."

मी म्हटलं, "बूट पायरीवर."

"मग पायरीवर माप घेऊ."

"आणि सायकल रस्त्यात टांगू?"

नारायण पेठेत सगळ्यांना माहीत आहे की आमच्या दुकानात चपला-बूट बाहेर. वडिलांचा नियम. बेअरिंगच्या ग्रीसमध्ये वाळूचा एक खडा गेला तर सगळ्या गोळ्या खातो. म्हणून फरशी अशी हवी की खाली पडलेली गोळी उचलून सरळ परत घालता यावी. कलेक्टर आला तरी अनवाणी. एकदा एक आले होते, आले अनवाणी. आता माझी मुलगी मला सांगणार की बूट घालून आत येते.

तिने बूट ठेवले, आत आली, बसली. नळी अजून न कापलेली, म्हणून टाच पेडलच्या वर लोंबत राहिली; तेवढंच अंतर नळीवर खाली मोजायचं. छताकडे बघत राहिली. मी पेन्सिलने खूण केली, मग मोजपट्टीने मोजून पक्की केली. तिच्या जुन्या सायकलीच्या लाल पट्टीशी ताडून पाहिलं, केसाचाही फरक नाही. हाताला सवय म्हणतात ती ही. मी तिला दाखवलं. "बघ. बाणेरला जायचं होतं ना?"

म्हणाली, "हो अब्बा, बरोबर आहे." आणि थोड्या वेळाने, "कंपनीने सांगितलंय तसं आधी थोडं लांब ठेवायचं का?"

मी नुसतं बघितलं. तिने बूट उचलले.

१० नोव्हेंबर, सोमवार

कापली.

बत्तीस दातांचं नवं पातं. नळीला चिकटपट्टी गुंडाळली, दोन्ही बाजूंना पत्र्याची कडी आवळून करवतीला वाट करून दिली, ओलं फडकं धरलं, तोंडाला रुमाल. कार्बनची काळी भुकटी छातीत गेली तर वाईट. अकरा मिनिटं लागली. कड अशी आली की बोट फिरवलं तर नळी संपली कुठे तेवढंच कळतं. सबनीस बघत होते. दोन वर्षं ज्यांना हिंमत झाली नाही त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं. "चाचा, सर्जन आहात तुम्ही." मी म्हटलं, सर्जनला भूल द्यावी लागते.

कापलेला तुकडा नऊ सेंटिमीटरचा. टेबलावर उभा करून त्यात पेन्सिली ठेवल्यात. शोभतोय.

नळीच्या डोक्यावर एक टोपी बसते, तिच्यावर सीट. टोपीखाली चकत्या घालून थोडं उचलता येतं. सगळ्या चकत्या घातल्या तर दीड सेंटिमीटर. त्यापुढे नाही. मी म्हटलं, एकही लागणार नाही. पोलादाची सायकल घरी नेऊन तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत ठेवली. बिचारीला जागा सोडावी लागली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अलिझा खडकवासल्याच्या पुढे जाऊन आली. सायकल वाऱ्यासारखी आहे म्हणते. मग म्हणाली, "अब्बा, चकत्या घालता का?" किती? "सगळ्या." घातल्या. कार्बनवर बसल्यावर नखरेही कार्बनचे सुचतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गिऱ्हाईक एक. हिंजवडीत काम करतो, सायकल घेऊन महिना झाला. म्हणाला सीटवर "न्यूट्रल फील" येत नाही. मी विचारलं, अनवाणी बसून पाहिलंस का? म्हणाला का? म्हटलं, दुकानाचा नियम. माप घेतलं, सीट लावली, आवळली. रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्याने खिशातून पाना काढला आणि सीट वर केली. मला काचेतून दिसलं. ज्याचं माप चुकत नाही त्याच्याकडे यायचं आणि कोपऱ्यावर जाऊन बिघडवायचं. हल्लीच्या लोकांना कुणाचं ऐकून घेणं म्हणजे कमीपणा वाटतो.

अलिझा जिना चढताना कठडा धरत होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तिच्या दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या. विचारलं तर म्हणाली सराव जास्त झाला. कसला सराव? कार्बन आहे तो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सरळ हाडात. पोलाद खड्डा स्वतः खातं आणि माणसाला देत नाही. हे मी तीन तारखेपासून सांगतोय आणि वहीत लिहिलेलं आहे.

सबनीसांचा फोन आला. "चाचा, नी पेन आहे म्हणे तिला. एकदा फिट चेक करून घेऊ या का? सॅडल लो असेल तर असं होतं." मी म्हटलं, सॅडल माझ्या मापाने आहे.  मग त्यांनी हवापाण्याचं विचारलं. पुण्यात नोव्हेंबरात हवा कशी असते हे कोथरूडच्या माणसाला नारायण पेठेला विचारावं लागतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज पानशेतच्या रस्त्यावरून अर्ध्यातून परत आली. डोळे लाल. आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

आता बोलायलाच हवं होतं म्हणून जेवताना बोललो. म्हटलं, "पटलं ना? सहा दिवस उरलेत. उद्या पोलादाची काढतो. केळ्याएवढं वजन वाचवायला गेलात आणि गुडघे घालवले." नसीमने माझ्या ताटात आमटी वाढली आणि वाढतच राहिली, ताट भरून ओघळेपर्यंत. अलिझा म्हणाली, "चालेल अब्बा. पोलादाचीच घेते." भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहू की नको याचा विचार करतोय. फरशी केव्हाच वाळली. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, त्याला उद्या ये म्हटलं.

सकाळी बाल्कनीतून पोलादाची सायकल काढून दुकानात आणली. सीट पट्टीच्या वर दोन बोटं.

चार तारखेला मी ती पट्टीवर आणून आवळली होती. पाना मी लावला होता. दहा तारखेपासून ती बाल्कनीत आहे. सोसायटीची पोरं तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत येत नाहीत. मधले सहा दिवस तिच्यावर एकच माणूस बसत होतं.

सीटपोस्ट बाहेर काढून उजेडात धरली. लाल पट्टीच्या जागी दांडी कोरी आहे. पट्टीच्या खाली दोन बोटांवर एक गोल चकाकणारी रेघ, जिथे फ्रेमची पकड बसते तिथे. अशी रेघ महिन्या-दोन महिन्यांत पडत नाही. वर्षं लागतात. पंचेचाळीस वर्षं मी लोकांना अशा रेघा दाखवून सांगतोय, तुमची सीट खरी कुठे असते ते दांडी सांगते, तुम्ही नाही.

मग दोन्ही सायकली मोजल्या. पेडलचे दांडे जिच्यावर फिरतात त्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंत. पोलादाची, चकाकत्या रेघेवर, सत्तर सेंटिमीटर आणि सहा मिलिमीटर. कार्बनची, सगळ्या चकत्या घालून, एकोणसत्तर आणि एक. तीनदा मोजलं. चौथ्यांदा दुसरी मोजपट्टी घेतली.

दीड सेंटिमीटर कमी. चकत्या नसत्या तर तीन. म्हणजे बरोबर माझ्या लाल पट्टीच्या उंचीवर. केसाचाही फरक नाही.

मग ही वही मागे उलटत गेलो. नऊ तारीख. "शूज घालून माप घेऊ या का?" माझ्याच अक्षरात. मी पुरावा म्हणून वही सुरू केली होती ना? हा घ्या पुरावा.

टेबलावर पेन्सिली ठेवलेला तुकडा नऊ सेंटिमीटरचा आहे. त्यातले तीन तिचे होते. चकत्यांनी निम्मे परत आणले. उरलेले कुठलीही चकती आणत नाही.

तोच दिवस, दुपारी

घरी गेलो. अलिझा कॉलेजात. नसीमला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"चार वर्षं."

"आणि तू गप्प?"

"सोळा वर्षांची असताना तिने तुम्हाला सांगितलं होतं, अब्बा सीट खाली वाटते. तुम्ही तीन दिवस तिच्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी ती म्हणाली, अम्मी, मी कोपऱ्यावर जाऊन वर करत जाईन." मग पदराला हात पुसत म्हणाली, "अहो, सगळेच कोपऱ्यावर जाऊन वर करतात. तुमच्याकडे पाना नसलेलं एक तरी गिऱ्हाईक येतं का?"

एक गिऱ्हाईक परत आलेलं नाही. कशाला येईल? त्यांच्या सायकलींना सीटपोस्ट होती. मी चुकलो तरी ती सरकायची. मी समजत होतो की माझा हात बरोबर आहे.

ही पहिली सायकल होती जिला सरकता येत नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नळीला जोड देता येईल का यावर डोकं चालवलं. आतून अॅल्युमिनियमची नळी, लेथवर काढून, गोंद लावून. जमेल. दिसणारही नाही. पण अशा जोडावर बसून तिला उतारावर पन्नासच्या वेगाने जायचं आहे. दुसऱ्याच्या पोरीला मी त्यावर बसवलं नसतं. टोपी जास्त वर ओढून बसवली तर? कंपनीच्या कागदात लिहिलंय, मोडेल. कागद शोधले, अर्धे चेन पुसण्यात गेले होते. जो उरला त्यावर सूचना स्पष्ट होती, आणि तिच्यावर तेलाचा अंगठा माझा होता.

अलिझाला सांगितलं. वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. म्हणाली, "मला माहीत होतं अब्बा. मला वाटलं चकत्यांमध्ये भागेल."

"तू करवत थांबवायला हवी होतीस."

"तुम्ही थांबला असता?"

 

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कोथरूडला गेलो. फ्रेम गोधडीत गुंडाळून रिक्षातून. सबनीसांच्या दाराशी सवयीने चपला काढल्या. ते म्हणाले, "अहो चाचा, राहू द्या, चालतं आमच्याकडे." कुठल्याही बोलण्याने मला एवढं टोचलं नव्हतं.

उभ्यानेच सांगितलं. माप मी अनवाणी घेतलं. तुमचे कागद मी वाचून बाजूला ठेवले. पोरीने दोनदा विचारलं, मी ऐकलं नाही. फ्रेम तिच्या कामाची राहिली नाही, तुमच्या तर नव्हतीच. आता ती कुणाच्याच कामाची नाही.

मला वाटत होतं हा माणूस आता इंग्रजीत काहीतरी बोलेल. त्यांनी पाणी आणून दिलं. म्हणाले, "चाचा, मी दोन वर्षं ती का कापली नाही सांगू? भीती वाटायची. म्हणून कुणाला हातच लावू दिला नाही. तुम्ही निदान कापली." मग म्हणाले, "फ्रेमचं सोडा. अलिझा कशावर जाणार आहे?"

त्यांच्या बाकीच्या सायकली सहा फुटांच्या, तिचे हात पुढे पोचणार नाहीत. पोलादाचीच. अडीच किलो जड. त्यांनी त्यांची हलकी चाकं काढून दिली, मी मागितली नव्हती. भिंतीवरच्या जुन्या खिळ्यावर ती फ्रेम पुन्हा टांगली. टांगायला ती कोणत्याही उंचीची चालते.

ज्या माणसाला मी महिनाभर या वहीत उभं-आडवं सोललं तो मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. त्याने बूट घातलेले होते आणि मी अनवाणी जिना उतरलो होतो, चपला हातात. माझ्या लक्षातही आलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुकान उशिरा उघडलं. फरशी पुसली नाही.

अलिझा पायरीवर आली, बूट काढायला वाकली. मी म्हटलं, "घालूनच ये." ती बघत राहिली. "आजोबांचा नियम?" म्हटलं, "बेअरिंगसाठी होता. माणसांसाठी नव्हता. मीच वाढवला."

आत आली. क्लीटचा टक टक आवाज फरशीवर. वडील गेल्याला बावीस वर्षं झाली, तरी मान आपोआप दाराकडे वळली.

सायकल धरून उभा राहिलो. पाना तिच्या हातात दिला. म्हणाली, "तुम्ही लावा ना अब्बा." नको, तू लाव. तिने बोल्ट सैल केला, लाल पट्टी बघितली, तिच्यावर दोन बोटं धरली आणि आवळलं. मोजलं नाही. नंतर मी मोजलं. सत्तर आणि सहा.

३० नोव्हेंबर, रविवार

तेवीस मुली. तीस किलोमीटर. एकेकीला एका मिनिटाच्या अंतराने सोडत होते. मंडपात खुर्च्या अधिकाऱ्यांना, ऊन मुलींना.

अलिझा एकोणिसावी सुटली. सीट बरोबर होती. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला सायकलवर खऱ्या उंचीवर बघितलं, म्हणजे ती रोज असते तशी. पाठ सरळ, पाय पूर्ण खाली जातायत. मला वाटलं ही कुणी वेगळीच मुलगी आहे. दोन्ही गुडघ्यांना निळ्या पट्ट्या.

पाचवी आली. चौथीपेक्षा अकरा सेकंदांनी मागे.

अकरा सेकंद. कार्बनच्या फ्रेमने किती वाचले असते मला माहीत नाही. दोन आठवडे गुडघे सुजले नसते तर किती वाचले असते तेही माहीत नाही. पण दोन्ही मिळून अकरापेक्षा जास्त होतात, हे सांगायला बाणेरचा कॉम्प्युटर लागत नाही.

शेजारी एका मुलीचे वडील उभे होते. त्यांची मुलगी दुसरी आलेली. पोलादाची सायकल बघून मला म्हणाले, "अहो, एवढी गुणी पोर आहे तुमची. एखादी चांगली सायकल घेऊन द्यायची ना!"

पंचेचाळीस वर्षांत मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्यांना म्हटलं, "हो. बरोबर आहे तुमचं."

अलिझाने ऐकलं. तिने माझा हात धरला आणि मंडपाबाहेर नेलं, लहानपणी मी तिला गर्दीतून न्यायचो तसं. मी रडलो. लिहून ठेवतो, कारण सगळंच लिहायचं ठरलं होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

हिंजवडीचा तो मुलगा आला. चेन घालायची होती. पायरीवर बूट काढायला लागला, मी म्हटलं घालूनच ये आणि सीट जशी आहे तशीच राहू दे. तो म्हणाला, "नाही काका, तुम्ही सेट केलेलीच आहे." माझ्या तोंडावर खोटं बोलला. पंचेचाळीस वर्षं सगळे माझ्याशी किती सभ्यपणे वागले.

फरशी दिवसातून दोनदा पुसावी लागते. लोकांच्या बुटांना काय काय असतं!

६ डिसेंबर, शनिवार

पोलादाची सायकल घेतली आणि लाल पट्टी सोलून काढली. खरी खूण जिथे आहे तिथे नवी लावायची होती. चार वर्षांची पट्टी, गोंद निघता निघेना, रॉकेलने पुसला. खाली दांडी स्वच्छ, नवी असल्यासारखी.

तेवढ्यात अलिझा आली. सरावावरून. सकाळी सहाला उठून गेली होती, मला वाटलं होतं आता जाणार नाही. बूट घालूनच आत आली.

"पट्टी कुठे?"

"चुकीची होती. काढली."

"का काढली? लावा परत. होती तिथेच."

"तिथे तुझी सीट कधीच नव्हती."

"अब्बा, मी कुठून मोजू मग? चार वर्षं तिथूनच मोजते. तुमची खूण, तिच्यावर दोन बोटं. शर्यतीला दुसऱ्या कुणी सीट लावली तर त्यालाही हेच सांगते." मग फडकं घेऊन बुटाखालचा चिखल पुसायला लागली, फरशीवर पडला होता म्हणून.

दांडीवर जुन्या पट्टीची कोरी जागा अजून दिसत होती. नवी लाल पट्टी कापली आणि तिथेच चिकटवली. नेमकी तिथेच. तेवढं मला जमतं.